कर्णबधिर आई-वडील, ऐकणारी मुलं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आई-वडील कर्णबधिर आणि मूल ऐकणारं, अशा घरांतून, त्यांच्या नातेवाइकांकडून आणि मुलांच्या शिक्षकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिणारी मी सांकेतिक भाषेची दुभाषी आहे, आणि माझे आई-वडील दोघंही कर्णबधिर. तेच ते दोनदा सांगावं लागू नये म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. ‘कोडा’ म्हणजे नेमकं कोण?

ज्याचे आई-वडील, किंवा दोघांपैकी एक जण, कर्णबधिर आहेत असं ऐकणारं मूल. ‘चिल्ड्रेन ऑफ डेफ ॲडल्ट्स’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून पडलेलं हे नाव. १९८३ साली अमेरिकेत मिली ब्रदर यांनी अशा मुलांची संघटना काढली, तेव्हापासून ते रुळलं. ‘मूल’ म्हटलं तरी वयाची अट नाही. नातवंडं असलेला माणूसही कोडा असतो.

२. दोघंही बहिरे असताना मूल ऐकणारं कसं निघालं?

यात नवल काही नाही, बहुतेक वेळा असंच होतं. बहिरेपण नेहमी आनुवंशिक नसतं. गरोदरपणातला संसर्ग, मेंदूज्वर, काही औषधं, अपुऱ्या दिवसांचा जन्म यांमुळेही येतं. आनुवंशिक असलं तरी त्याला कारणीभूत असणारी जनुकं पुष्कळ आहेत. आईचं एका जनुकामुळे आणि वडिलांचं दुसऱ्याच जनुकामुळे असेल, तर मूल सहसा ऐकतं. दोघांचंही एकाच अप्रभावी जनुकामुळे असेल तर मात्र सगळी मुलं बहिरी होतात.

उलट बाजूही बघा. अमेरिकेतल्या पाहणीत ९० टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आई-वडिलांच्या पोटी जन्मलेली आढळली. म्हणजे पुष्कळ घरांत मधली एकच पिढी कर्णबधिर असते, आजी-आजोबा ऐकणारे आणि नातवंडंही ऐकणारी. पुढच्या बऱ्याच प्रश्नांचं मूळ इथेच आहे.

३. घरात कुणी बोलतच नाही. मग मूल बोलायला शिकणार कुठून?

सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न, आणि तो बहुधा आजीचा असतो. मूल बोलणाऱ्या माणसांशी बोलून बोलायला शिकतं. ती माणसं आई-वडीलच असायला हवीत असं नाही. अशा मुलांचा अभ्यास झाला, त्यात आठवड्याला ५ ते १० तास ऐकणाऱ्या माणसांचा सहवास मिळाला तरी बहुतेकांचं बोलणं वयाप्रमाणे येतं असं दिसलं. शेजारी, मावशी, पाळणाघर, खेळायला येणारी मुलं यांत तेवढे तास सहज भरतात.

टीव्ही मात्र या तासांत धरू नका. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ‘जिम’ या नावाने एका मुलाची हकीकत आहे. आई-वडील बहिरे, ते त्याच्याशी खुणांतही फारसं बोलत नसत, आणि ऐकणाऱ्या मोठ्या माणसांशी त्याचा संबंध जवळजवळ नव्हता. बोलणं बहुतेक टीव्हीवरून उचललेलं. पावणेचार वर्षांचा झाला तरी त्याला शब्द येत होते, पण वाक्य धड जुळत नव्हतं. मग मोठी माणसं त्याच्याशी नेमाने गप्पा मारू लागली आणि काही महिन्यांत त्याने बरीच मजल मारली. धाकट्या भावाला तर हा त्रास झालाच नाही, कारण त्याच्याशी बोलायला जिम होता.

४. आधी हातवारे शिकला तर बोलायचा आळस करेल, असं सगळे म्हणतात. खरं आहे का?

नाही. दोन बोलीभाषांच्या घरातलं मूल जसं दोन्ही उचलतं, तसंच हे. सांकेतिक भाषेच्या, म्हणजे खुणांच्या, घरातली बाळं तोंडाने बडबडतात तशी हातांनीही ‘बडबडतात’. २००१ साली संशोधक लॉरा-ॲन पेटिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की, कर्णबधिर आई-वडिलांच्या ऐकणाऱ्या बाळांच्या हाताच्या काही हालचालींना एक वेगळी संथ लय असते, आणि ती खुणा न पाहणाऱ्या बाळांच्या हातांत आढळत नाही. पुढे हीच मुलं तोंडाने एक शब्द आणि हाताने दुसरा असं एकाच वेळी बोलतात. पाहणाऱ्याला वाटतं गोंधळ उडालाय. तसं नाही. एका भाषेला तोंड लागतं, दुसरीला हात, म्हणून त्यांना ते जमतं.

खुणा रोखण्याचा परिणाम काय होतो, ते प्रश्न ११ मध्ये.

५. बाळ रात्री रडलं तर कळतं कसं?

रडण्याच्या आवाजावर लुकलुकणारा दिवा किंवा उशीखाली थरथरणारी चकती मिळते. दाराच्या बेललाही दिवा जोडता येतो. शिवाय कर्णबधिर आया बाळाला हाताच्या अंतरावर झोपवतात, आणि त्यांची झोप बाळाच्या हालचालीने मोडते. या प्रश्नावर लोक फार विचार करतात. आई-वडिलांना तो क्वचितच पडलेला असतो.

६. बहिऱ्या माणसांचं घर अगदी शांत असेल ना?

छे! कपाटाची दारं आपटतात, भांडी आदळतात, खुर्च्या फरफटतात, कारण त्या आवाजाचा त्रास घरात फक्त मुलांना होतो. कुणाला हाक मारायची तर पाय जमिनीवर आपटतात, टेबलावर थाप मारतात किंवा दिव्याचं बटण चालू-बंद करतात. खांद्यावर हलकी थाप मारणं इथे उद्धटपणा नाही. समोरचा हातांनी बोलत असताना नजर दुसरीकडे वळवणं हा मात्र आहे.

७. आईला ओठ वाचता येतात. मग मुलांनी नीट तोंड उघडून बोललं की झालं, नाही का?

आरशासमोर उभं राहून आवाज न काढता ‘पान’, ‘बाण’ आणि ‘मान’ म्हणून बघा. ओठ तिन्ही वेळा सारखेच मिटतात. क, ख, ग, घ तर घशाजवळ होतात, बाहेर काही दिसतच नाही. इंग्रजीत जेमतेम ३० टक्के ध्वनी ओठांवर ओळखू येतात असं मानलं जातं. बाकी सगळं विषयावरून, चेहऱ्यावरून आणि आधीच्या वाक्यावरून लावलेला अंदाज. विषय माहीत असला तर अंदाज छान लागतो. विषय अचानक बदलला की सगळं कोसळतं, आणि मुलांइतक्या पटापट विषय कुणीच बदलत नाही.

त्यात मूल कसं बोलतं ते आठवा. पळता पळता, पाठ करून, तोंडात घास असताना, रडताना, पुढचे दात पडलेले असताना. तिन्हीसांजेला खिडकीला पाठ लावून उभं राहिलं तर चेहरा काळोखात जातो. एकेक अक्षर तोडून, तोंड वेडंवाकडं करून बोललं की उलट जास्त अवघड होतं, आणि ओरडून बोललं तरी तसंच.

दिवसभर ओठ वाचून माणूस दमतो, हे ऐकणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आई संध्याकाळी डोळे मिटून बसली असेल तर ती रुसलेली नसते. तिला तासभर कुणाचं तोंड बघायचं नसतं, एवढंच.

८. श्रवणयंत्र किंवा कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर हा प्रश्नच मिटला ना?

मिटत नाही, काहींचा हलका होतो. श्रवणयंत्र आवाज मोठा करतं. आतल्या कानात जे बिघडलंय त्यामुळे आलेली अस्पष्टता ते पुरती घालवू शकत नाही. इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायचं साधन. ते लहान वयात बसवलं तर बोलीभाषा शिकायला चांगली मदत होते. जन्मापासून बहिऱ्या असलेल्या माणसाने मोठेपणी बसवलं तर आवाज ऐकू येतो, पण त्याचा अर्थ लागतोच असं नाही. चार जण एकदम बोलत असतील तर दोन्ही साधनं चाचपडतात, आणि अंघोळीला, झोपायला जाताना श्रवणयंत्र किंवा इम्प्लांटचा बाहेरचा भाग सहसा काढून ठेवावा लागतो.

९. मग लिहून दाखवायचं. शिकलेली आहेत ना ती?

शिकलेली आहेत, पण कशी शिकली तेही बघायला हवं. लिखाण हे बोललेल्या भाषेचं असतं. ती भाषा कधी कानावरच पडली नाही, तर ती वाचून शिकणं म्हणजे परकी भाषा नुसत्या पुस्तकावरून शिकणं. पहिली भाषा भक्कम असेल तर तिच्या आधाराने ते जमतं. पिढ्यान्‌पिढ्या कर्णबधिर मुलांना हा आधारच मिळू दिला गेला नाही.

१८८० साली मिलान शहरात शिक्षकांची परिषद भरली आणि तिथे ठरलं की बहिऱ्या मुलांना तोंडी भाषेतच शिकवायचं, खुणा बंद. मत देणाऱ्यांत कर्णबधिर शिक्षक जवळजवळ नव्हतेच. त्यानंतर देशोदेशीच्या शाळांत मुलांचे हात बांधण्यापर्यंत मजल गेली. या ठरावाबद्दल अधिकृत खेद व्यक्त व्हायला २०१० ची व्हँकुव्हरची परिषद उजाडली.

या वादातली एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. अमेरिकेत तोंडी शिक्षणाचा सगळ्यांत मोठा पुरस्कर्ता म्हणजे टेलिफोनवाले अलेक्झांडर ग्रॅहम बेल, आणि खुणांच्या बाजूने उभे राहिलेले एडवर्ड माइनर गॅलॉडेट. बेल यांच्या आईला ऐकू येत नव्हतं, गॅलॉडेट यांच्या आईलाही नाही. एकाच प्रकारच्या घरातून आलेले दोन मुलगे, आणि आयुष्यभर एकमेकांच्या विरोधात.

तर लिहून जरूर दाखवा, पण छोटी वाक्यं लिहा. तारीख, वेळ, रक्कम आकड्यांत. आणि समोरच्याने मान हलवली म्हणजे कळलं असं धरू नका. ‘मग उद्या कुठे यायचं?’ असं उलट विचारा.

१०. आम्ही घरात खाणाखुणांनी भागवतो. सांकेतिक भाषा वेगळी शिकायची काय गरज?

घरात बनवलेल्या खुणांनी ‘पाणी’, ‘झोप’, ‘बाहेर जाऊ’ भागतं. ‘परवा तू जे म्हणालास त्याचं मला वाईट वाटलं होतं, पण आता नाही’ हे भागत नाही. त्याला काळ हवा, अट हवी, ‘पण’ हवा. सांकेतिक भाषेत हे सगळं आहे. भुवया उंचावल्या की वाक्याचा प्रश्न होतो, हवेत एक जागा एका माणसाला नेमून दिली की पुढे नुसतं तिकडे बोट केलं तरी तो माणूस कळतो. ही पुरी भाषा आहे, तिला स्वतःचं व्याकरण आहे, हे भाषा-अभ्यासक विल्यम स्टोको यांनी अमेरिकन सांकेतिक भाषेबाबत १९६० साली मांडलं. आज ते जगभर मान्य आहे.

आणि ती जगभर एकच नाही. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे इंग्रजी बोलतात, पण तिथल्या कर्णबधिरांना एकमेकांच्या खुणा कळत नाहीत. अमेरिकन खुणांची जवळीक फ्रेंच खुणांशी आहे, कारण १८१७ साली तिथे जी शाळा निघाली तिचा पहिला कर्णबधिर शिक्षक, लॉरां क्लेर, पॅरिसहून आला होता. तेव्हा शिकायची ती आपल्या भागातल्या कर्णबधिरांची भाषा, आणि शक्यतो कर्णबधिर माणसाकडूनच.

११. माझी मुलगी चौदा वर्षांची आहे. मैत्रिणींशी तासन्‌तास बोलते. माझ्याशी फक्त ‘जेवले’, ‘चालले’, ‘पैसे दे’. माझं काय चुकलं?

बहुधा तुमचं काही चुकलेलं नाही. ती लहान असताना कुणीतरी म्हणालं असेल, ‘हिच्याशी खुणा करू नका, बोलणं बिघडेल.’ तुम्ही हात आवरते घेतले. तिची तोंडी भाषा वर्षागणिक वाढत गेली आणि हातांची तिसऱ्या-चौथ्या वर्षीच अडकून राहिली. आता तिच्या मनात जे चालतं ते सांगायला तिच्याकडे तुमच्या भाषेतले शब्दच नाहीत. ते तिला टोचतं, म्हणून ती टाळते. तुम्हाला वाटतं तिला तुमची लाज वाटते.

मला सगळ्यांत राग येतो तो याचा. जे नातेवाईक मुलाला खुणा शिकू देत नाहीत, तेच मूल सहा वर्षांचं झालं की म्हणतात, ‘विचार गं तुझ्या आईला, येणार आहे का?’ भाषा द्यायची नाही आणि दुभाषाचं काम मात्र करून घ्यायचं.

चौदाव्या वर्षीही उशीर झालेला नाही. मुलीला एकटीला वर्गाला धाडू नका, ते शिक्षेसारखं वाटतं. इतर कर्णबधिर कुटुंबांत जा, जिथे तिच्या वयाची मुलं हातांनी थट्टामस्करी करतात. तिच्या आवडीच्या विषयाच्या खुणा आधी शोधा, मग तो क्रिकेट असो की मेकअप. चुकीची खूण केली तर लगेच दुरुस्त करू नका, आधी उत्तर द्या.

आणखी एक पथ्य ऐकणाऱ्या सगळ्यांसाठी. जेवताना सगळे हसतात, आई विचारते काय झालं, आणि मूल म्हणतं, ‘काही नाही, नंतर सांगते.’ ते ‘नंतर’ कधी येत नाही. तुटकंमुटकं का होईना, पण लगेच सांगा.

१२. मुलाला चारचौघांत हात हलवून बोलायची लाज वाटते. रागवावं का?

रागवू नका. दहा ते चौदा या वयात सगळ्याच मुलांना आई-वडिलांची लाज वाटते. याच्याकडे कारण ठळक आहे, इतकंच. शाळेच्या फाटकाऐवजी कोपऱ्यावर भेटायचं ठरवा, बसमध्ये छोट्या खुणांत बोला. पण घरात खुणा सुटू देऊ नका. लाज बहुतेकांची सरते. १९७६ साली लुईझ फ्लेचर या अभिनेत्रीने ऑस्कर स्वीकारताना आपल्या कर्णबधिर आई-वडिलांचे आभार मंचावरून खुणा करून मानले होते.

मूल चिडवाचिडवी सहन करत असेल तर तो लाजेचा प्रश्न नाही. त्यासाठी शाळेत जा.

१३. आमचा सात वर्षांचा मुलगा दुकानात, बँकेत आमच्या वतीने बोलतो. सगळे कौतुक करतात. यात वाईट काय?

‘हे केवढ्याला?’ एवढं विचारण्यात काहीच वाईट नाही. घरातली मुलं कामं करतात, त्यातलं हे एक. पण बँकेत काय घडतं ते पाहा. खिडकीमागचा माणूस मुलाला म्हणतो, ‘तुझ्या बापाला सही धड येत नाही का? मागे रांग लागली आहे, सांग त्याला.’ वडील मुलाकडे बघून विचारतात, काय म्हणाले? सात वर्षांच्या मुलाने हे जसंच्या तसं सांगायचं की गिळायचं? बहुतेक मुलं गिळतात. वडिलांना कळतच नाही की अपमान झाला, आणि मूल तो घरी घेऊन येतं. कौतुक करणाऱ्यांना हे दिसत नाही.

माझी ढोबळ कसोटी अशी: चूक झाली तर नुकसान किती? चुकीची वही आली तर बदलता येते, तेवढं मुलाला करू द्या. पैशांचे व्यवहार, आजार, भांडण, कोर्टकचेरी, पोलीस यांत मूल नको. शिवाय मूल ‘आज मला नाही बोलायचं’ म्हणू शकतं का? म्हणू शकत नसेल, तर ती मदत उरलेली नाही.

१४. डॉक्टरांकडे तरी मुलाला न्यावंच लागतं ना?

बरोबर न्या, दुभाषी म्हणून नको. ‘गाठ’, ‘रक्तस्राव’, ‘उपाशीपोटी’ हे शब्द मुलाच्या दोन्ही भाषांत नसतात. जे कळत नाही ते मुलं सोडून देतात, आणि सोडलंय हेही सांगत नाहीत. मग दिवसातून दोनदा घ्यायची गोळी दोन दिवसांतून एकदा घेतली जाते. आईचा आजार गंभीर असेल तर ती बातमी मुलाला आईच्या आधी कळते, आणि सांगायचीही त्यानेच. लैंगिक आरोग्य आणि गर्भपातासारख्या विषयांबद्दल तर बोलायलाच नको.

संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या अपंग हक्क करारात व्यावसायिक सांकेतिक दुभाषी उपलब्ध करण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. अमेरिकेच्या नियमांत तर स्पष्ट आहे की अल्पवयीन मुलाला दुभाषी म्हणून वापरायचं नाही. अपवाद एकच, जिवावर बेतणारा प्रसंग आणि दुभाषी हाताशी नाही. तुमच्या देशात नियम काहीही असो, हा अपवाद व्यवहारातही योग्य आहे. अपघात झाला तर मूल बोलेलच, बोलू द्या. दुभाषी पोचला की त्याला लगेच मोकळं करा, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याशी त्या प्रसंगाबद्दल बोला.

१५. दुभाषी मिळालाच नाही तर?

बहुतेक वेळा तो ऐन वेळी मागितलेला असतो. भेटीची वेळ घेतानाच मागा, लेखी मागा. प्रत्यक्ष नाही तर व्हिडिओ कॉलवर चालतो. त्यासाठी मोबाइल कशाला तरी टेकवून ठेवा, हातात धरला तर एक हात गेला. तेही नाही तर खुणा येणारा मोठा नातेवाईक, पण ज्याचा त्या प्रकरणात स्वार्थ नाही असा. जमिनीच्या वाटणीत दीर दुभाषी नको.

बोललेलं लिहून दाखवणारी ॲप उपयोगी आहेत. नावं, औषधं आणि ‘नाही’ या शब्दापाशी ती घसरतात, तेव्हा डोस आणि तारखा हाताने लिहून घ्याच.

१६. मी शिक्षिका आहे. पालकसभेत मूलच दुभाषी होतं. मी काय करू?

मी पाहिलेला एक प्रसंग सांगते. नऊ वर्षांचा मुलगा आई आणि बाई यांच्या मध्ये उभा. बाई म्हणाल्या, ‘तीन आठवडे गृहपाठ नाही, वर्गात सारखा बोलतो.’ मुलाने हातांनी सांगितलं, ‘हुशार आहे म्हणतात. अक्षर सुधार म्हणतात.’ आई समाधानाने हसली. बाईंचा चेहरा कडक झाला. त्यांना वाटलं, हिला मुलाची काही पडलेलीच नाही. मुलगा गुणी होता बरं का, पण त्याच्या जागी तुम्ही असतात तर काय केलं असतं?

दुभाषी बोलवा (प्रश्न १५). बसताना दुभाष्याला तुमच्या शेजारी बसवा, म्हणजे पालकांना तुम्ही आणि तो एका नजरेत दिसाल. उजेड तुमच्या पाठीमागून येऊ देऊ नका. बोला पालकांकडे बघून, ‘त्यांना विचारा’ असं दुभाष्याला सांगू नका. आणि रोजचा संपर्क फोनवर ठेवू नका, मेसेज पुरतो.

१७. बँकेचा फोन येतो, ‘खातेदाराशीच बोलायचंय.’ मग मीच आईचं नाव सांगून बोलते. चालतं का?

पुष्कळ कोडा मुली कधी ना कधी हे करतात. करू नका. तोतयेगिरी ठरते, आणि उद्या वाद झाला तर ‘खातेदाराने फोनवर होकार दिला’ अशी नोंद आईच्या विरोधात उभी राहते. ‘खातेदार कर्णबधिर आहे, संपर्क लेखी करावा’ असं पत्र देऊन पोच घ्या. ओळख पटवायला शाखेत जाणं किंवा दुभाषासह व्हिडिओ कॉल मागा. अमेरिकेसारख्या काही देशांत मध्ये दुभाषी घेऊन फोन जोडून देण्याची सरकारी सेवाच आहे. तिथेही बँका कधी कधी फोन ठेवून देतात, तेव्हा चिकाटी लागतेच.

आई-वडिलांचे पासवर्ड मुलांकडे असणं हाही यातलाच भाग. ती सवय दहाव्या वर्षी लागली की तिशीतही सुटत नाही.

१८. सासरचे म्हणतात, मुलाला आमच्याकडे ठेवा, तो ‘नीट’ वाढेल. त्यांचं ऐकावं का?

भेटीगाठी भरपूर ठेवा, त्यातून प्रश्न ३ मधले तासही भरतील. ताबा देऊ नका. आई-वडिलांच्या अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला त्यांच्यापासून वेगळं करता येणार नाही, असं प्रश्न १४ मधल्या करारातच लिहिलेलं आहे.

घरातल्या घरातही हे होतं. आजोबा शाळा, कपडे, सहल सगळं थेट नातवाशी ठरवतात, कारण ते सोपं पडतं. मुलाला कळून चुकतं की आईला विचारण्याची गरज नाही. आजोबांना एकच नियम घाला: परवानगीची गोष्ट आधी आई-वडिलांशी, मग मुलाशी.

१९. आमच्यात मी कर्णबधिर, नवरा ऐकणारा. आम्हाला हे सगळं लागू आहे?

लागू आहे, आणि एक जास्तीची अडचण आहे. ऐकणारा नवराच घराचा दुभाषी होतो आणि मुलं सगळं त्यालाच सांगतात. तो घरी असतानाही मुलांनी तुमच्याशी थेट बोलावं, त्याने मध्ये पडू नये. तुम्ही खोलीत आहात तोवर घराची भाषा हातांचीच, बापलेक आपसात बोलत असले तरीही.

२०. शाळेने स्पीच थेरपी सुचवली. आई-वडील बहिरे आहेत म्हणूनच असं असेल का?

असेलच असं नाही, आणि हेच कारण धरून बसलं तर खरं कारण निसटतं. आधी कानांची तपासणी करा. लहान मुलांच्या कानाच्या पडद्यामागे पाणी साचून ऐकणं कमी होणं फार सामान्य आहे. घरात कुणी हाक मारत नसल्यामुळे ते लक्षात यायला उशीर होतो. काही बहिरेपण उशिरा सुरू होतं, म्हणून जन्मवेळची तपासणी ठीक आली तरी पुन्हा करावी. कान ठीक निघाले तर थेरपिस्टला सांगा की मुलाला दोन भाषा आहेत, आणि शब्दसंख्या दोन्ही मिळून मोजायला लावा. ‘खुणा बंद करा’ असा सल्ला मिळाला तर दुसरा थेरपिस्ट शोधा (प्रश्न ४).

२१. मी चाळिशीला आलो, अजून सगळीकडे मीच. नाही म्हणालो तर अपराधी वाटतं.

वाटणारच. पण तुम्ही दुभाषी म्हणून जाता तेव्हा त्या खोलीत मुलगा कुणीच नसतो. ऑपरेशनबद्दल तुम्हाला भीती वाटत असते, प्रश्न विचारायचे असतात, आणि तुम्ही हात हलवण्यात गुंतलेले असता. मोठ्या प्रसंगांना बाहेरचा दुभाषी घ्या आणि आईच्या बाजूला बसा. सुरुवातीला आई रुसेल, ‘परक्याला कशाला सांगायचं?’ म्हणेल. दुभाषी गुपित राखायला बांधील असतो हे तिला समजावून सांगा, आणि पहिल्यांदा दोघांना चहाच्या निमित्ताने आधीच भेटवा. छोटी कामं चालू ठेवायला हरकत नाही. मी स्वतः ती करते.

२२. वडिलांची नजर कमी झालीय, आता खुणाही नीट दिसत नाहीत. बोलायचं कसं?

उजेड वाढवा. तुमच्या हातांच्या रंगाला उठाव देणारे एकरंगी कपडे घाला, चट्ट्यापट्ट्यांचे नकोत. खुणा छातीसमोर, लहान जागेत करा. कडेची नजर गेली असेल तर लांबवर फिरणारे हात दिसत नाहीत. नजर आणखी गेली तर त्यांचे हात तुमच्या हातांवर ठेवून, स्पर्शाने खुणा करता येतात. अंध-कर्णबधिर माणसं असंच बोलतात, आणि खुणा आधीपासून येणाऱ्याला हे लवकर जमतं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन असेल तर दोन गोष्टी आधीच ठरवा. डोळ्यावर पट्टी असताना ‘हो’, ‘नाही’, ‘दुखतंय’ आणि ‘डॉक्टर आले’ यांसाठी तळहातावर कसं दाबायचं, हे त्यांच्याशी आणि नर्सशी मिळून पक्कं करा. आणि सलाइनची सुई ते ज्या हाताने जास्त बोलतात त्या हाताला लावू नका, असं केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लिहून घ्या.